चंद्रीच्या लेखी मेलेला माणूस

माझ्या घरमालकिणीनं मला पहिला चहा दिला, तेव्हा तिला मरून तीन महिने झाले होते.

हे वाक्य मी कुठंही टाकलं की लोक खुर्ची पुढे ओढतात, आणि मला ते आवडतं हे कशाला लपवू? पण यात माझी कारागिरी काहीच नाही. चहा खरा होता. त्यात आलं होतं आणि साखर जरा सढळ हातानं पडली होती.

तेलंगणातल्या बाजारहत्नूरच्या सरकारी ज्युनिअर कॉलेजात मी जूनमध्ये बदलून गेलो. मुलीच्या शाळेमुळे बायको आदिलाबादलाच राहिली. मला दोन खोल्या मिळाल्या त्या एका किराणा दुकानाच्या मागं. मध्ये अंगण, अंगणाच्या एका कडेला माझ्या खोल्या, दुसऱ्या कडेला कवेलूचा, म्हणजे कौलारू गोठा, आणि गोठ्याच्या अर्ध्या भिंतीला लागून एक बाज. घरमालक, म्हणजे दुकानदारच, साठीच्या पुढचे, अंगानं रुंद. मिशा अशा, की आमच्या गणपतीतल्या नाटकात राक्षसाला वेगळ्या चिकटवाव्या लागल्या नसत्या. किल्ली देताना ते म्हणाले, "सकाळी गाईचं चालते इथं, सार. भेवू नोका."

आमच्याकडे मास्तराला सगळे 'सार' म्हणतात. गाईला कोण भितं, असं म्हणत मी झोपलो.

पहाटे चरवीत दुधाची धार पडल्याचा आवाज आला. खिडकीतून बघितलं. गोठ्यात हिरवं लुगडं नेसलेली एक बाई पाठमोरी उकिडवी बसली होती, डोकं गाईच्या पोटाला टेकलेलं. मान न वळवता ती म्हणाली, "उठले का सार? वसरीत चाय ठुली हाय. अन् चाय तोंडात असताना बोलू नोका, ठसका लागते."

आवाज बारीक, किंचित घोगरा, हुकूम सोडायची सवय असलेला. ओसरीवर जाऊन मी चहा प्यालो. न बोलता.

दुपारी दुकानात साबण घ्यायला गेलो, तेव्हा म्हटलं, "काका, काकूंचा चहा झकास होता."

त्यांनी साबण कागदात गुंडाळला. "सांगतो तिले," ते म्हणाले. "उद्या सकाळी."

शेजारच्या कमलाबाई चिंच घ्यायला उभ्या होत्या. त्यांनी मला बाहेर रस्त्यावर गाठलं. "अय्यो सार, तुमाले कोनी सांगतलं नाई का? काकू तं होळीच्या वक्ती गेल्या."

"कुठं गेल्या?"

कमलाबाईंनी नुसतं वर आभाळाकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी तांबडं फुटायच्या आत खिडकीशी जाऊन बसलो. नाटकाला पहिल्या रांगेत बसावं तसा. मागच्या दारानं काका आले. आंघोळ झालेली, धोतर धुतलेलं. गोठ्यातल्या खुंटीवरून त्यांनी लुगडं काढलं आणि धोतरावरूनच नेसायला घेतलं. मी तरुणपणी नाटकात बायकांची कामं केली आहेत. नुसता पदर सावरायला मला महिनाभर तालीम लागायची. या माणसाला शेवटची गाठ मारेपर्यंतचाच वेळ लागला. नेसता नेसता खांदे उतरले. पाठ गोल झाली. पदराचं टोक दातांत गेलं आणि त्याच्यामागं मिशी गेली. मग त्या दातांमधून गाळून तो आवाज आला, "चंद्री, हो माय, हो. आली मी."

गाईनं मान वळवून पदर हुंगला आणि मागचे पाय ऐसपैस केले. माझ्या दंडावर काटा उभा राहिला. खरं सांगायचं तर त्या काट्याखाली थोडा मत्सरही होता.

हे सुरू कसं झालं, ते त्यांनी मला दुकानातल्या पोत्यावर बसवून सांगितलं. चंद्रीचं वासरू जन्मल्यावर लगेच गेलं होतं. तरीही ती काकूंच्या हाताखाली पान्हवायची, दुसऱ्या कुणाच्या नाही. होळीला काकू गेल्या आणि चंद्रीनं दूध वर ओढून धरलं. कास दगडासारखी झाली. एक जण दूध उतरवायची सुई टोचायला आला, काकांनी त्याला परत पाठवलं. "जबरीचं दूध नोको म्हनलं." शेवटी त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी काकूंचं अंगावरचं लुगडं गुंडाळलं आणि जाऊन बसले.

"देल्लं तिनं, सार. म्या रडलो. तं चंद्रीनं माह्यं डोकं चाटलं." ते थोडं थांबले. "तिले वाटलं, घरवाला मेला म्हून ही रडून राह्यली."

"म्हणजे?"

"म्हंजे काय? ते पाहा ना, बाज." त्यांनी अंगणाकडे बोट केलं. "ती दूध काढे तवा म्या बाजीवर पडून राहो. आता लुगडंवाली रोज येते अन् बाज रिकामी. चंद्रीच्या हिशोबानं मेलो तो मी."

असं म्हणून ते इतके हसले की वजनकाट्याचं पारडं हललं.

लुगडं ते धूत नसत. कधीच नाही. काकूंचा वास जाईल म्हणून. त्याला शेण, दूध, खोबरेल आणि आणखी कशाचा तरी असा वास होता की पावसाळी हवेत तो माझ्या खोलीपर्यंत चालत यायचा. तंबाखूचे मात्र ते अट्टल शौकीन. पण ती दूध काढून झाल्यावर, लुगडं खुंटीला गेल्यावर. कारण काकूंना ती आवडत नसे.

घरातलं काही विचारलं की त्यांचं एक ठरलेलं उत्तर असायचं: "मले नाई ठाव. तिले इचारा, सकाळी." संध्याकाळची धार दुकानाच्या घाईत उरकायची, बोलणं सगळं सकाळचं. पहिल्या पावसात माझं छत गळायला लागलं. दुकानात जाऊन तक्रार केली, तर म्हणाले, "कवेलूचं तिच्याकडं हाय." मी मुकाट्यानं पहाटे गोठ्याच्या भिंतीशी उभा राहिलो आणि म्हणालो, "काकू, छत गळतंय."

धार थांबली नाही. "त्याहिले म्या उन्हाळ्यातच सांगतलं व्हतं, कवेलू फेरा म्हून. आयकतेत का? दिवसभर पुड्या बांधतेत अन् तमाखू चघळतेत. आज सांगते मी त्याहिले."

दुपारी कॉलेजातून आलो तर काका शिडी लावून छतावर. खाली बघून खजील हसले. "लई बोलली मले आज."

तुम्ही हसा. मीही हसलो. पण गावात कुणी हसत नव्हतं. कमलाबाई तर पहाटे हातातलं काम टाकून येत. लोणच्याला पाणी सुटलं, सून बोलत नाही, असलं काहीबाही भिंतीपलीकडून विचारत आणि उत्तर घेऊन जात. एकदा मी त्यांना म्हटलं, "अहो, ते काका आहेत." त्या म्हणाल्या, "मले मालूम हाय, सार. पन काकाले लोनचं कुठी येते?"



आणखी एक सकाळ सांगतो. काकांचा मोबाइल दुकानातच वाजत राहिला. मी तो उचलून गोठ्यात नेला. किनवटला दिलेल्या त्यांच्या लेकीचा फोन होता. मी म्हणालो, "काका, फोन." काही नाही. पुन्हा म्हणालो. हात चालू, धार चालू. मग मी हळूच म्हणालो, "काकू, फोन."

"कोनाचा हाय? त्याहिले उठवू नोका. निजले हायत."

आणि डोक्यानं बाजेकडे खूण झाली. मी बाजेकडे बघितलं. तिच्यावर वाकळ होती. घडी केलेली होती की कुणी पांघरून पडलं होतं, ते मला त्या उजेडात सांगता येईना. जवळ जाऊन बघावं इतका मी धीट नाही. मी फोन कापला आणि कॉलेजची तयारी करायला लागलो.

पोळा जवळ आला तेव्हा काकांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला. आदिलाबादला ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी बजावलं की नंतर काही दिवस वाकायचं नाही, डोकं खाली घालायचं नाही, जोर करायचा नाही. म्हणजेच दूध काढायचं नाही. काका म्हणाले, मग डोळाच नको. लेक किनवटहून आली, रडली, भांडली. शेवटी ती माझ्याकडे बघून म्हणाली, "सार, तुमी नाटकात लुगडं नेसत व्हते ना?"

आता नटाला भूमिका आली की तो पहिल्यांदा नाही म्हणतो, ते फक्त रीत म्हणून. मी तेवढंही म्हणालो नाही.

त्या संध्याकाळी काकांनी मला शिकवणी दिली. स्वतःचा अंगठा माझ्या मुठीत दिला. "वरून आवळत खाली या. ओढू नोका. म्या ओढतो, मले अजून बी जमत नाई, ते तं चंद्रीचा भलेपना हाय." मी आवळलं. "अय! माह्यं हाड हाय ते." बराच वेळ मी त्यांचा अंगठा दोहत बसलो. मग त्यांनी अंगठा सोडवून घेतला.

"सार, तुमी लुगडं नेसले अन् चंद्रीनं दूध देल्लं, तं सारं त्या लुगड्यातच हाय. मंग म्या इतके दिवस फडक्यासंगं बोललो. ती नवतीच." त्यांनी अंगठा चोळला. "अन् नाई देल्लं, तं कास जाते चंद्रीची."

"मग काय व्हावं असं वाटतं तुम्हाला?"

"तेच तं समजून नाई राह्यलं."

दुसऱ्या दिवशी पहाटेचं दूध त्यांनी स्वतः काढलं आणि लेकीबरोबर बसनं आदिलाबादला गेले. मी संध्याकाळी कॉलेजातून घाईघाईनं आलो. अंगणाच्या दारातच माझे पाय थांबले. दोरीवर हिरवं लुगडं वाळत होतं. स्वच्छ. इतकं स्वच्छ की त्याच्या काठावर पिवळी नक्षी होती हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. सबंध अंगणात साबणाच्या पावडरीचा वास.

बिचाऱ्या लेकीनं निघायच्या गडबडीत, सारांना असलं घाणेरडं कसं नेसायला द्यायचं म्हणून, आईचं लुगडं घासून धुतलं होतं.

तरी मी नेसलो. भूमिका अंगात यावी म्हणून चालून बघितलं. पदर दातांत धरला, बसलो, डोकं चंद्रीच्या पोटाला टेकवलं. पोटात जणू कुणीतरी मोठी मोठी भांडी सरकवत होतं. "चंद्री, हो माय," मी म्हणालो, माझ्या सगळ्यात चांगल्या बायकी आवाजात. चंद्रीनं पदर हुंगला, शिंकली, आणि चरवीला अशी लाथ घातली की ती थेट बाजेखाली गेली. कोमट पाण्यानं कास धुतली, सरकीची ढेप पुढं ठेवली, बोटांना तूप लावलं. एक थेंब नाही. सड हातात गरम आणि गच्च, जशी बंद मूठ धरावी.

अंधारता अंधारता दोघं परत आले. काकांच्या डोळ्यावर पट्टी, पट्टीवर काळा चष्मा. त्यांना सरळ बाजेवर निजवलं. लेकीनं गोठ्यात येऊन माझ्या हातातली रिकामी चरवी बघितली, मग लुगडं. तोंडावर हात दाबून ती घरात पळाली. काकांना सांगायचं धाडस आम्हा दोघांनाही झालं नाही. ते बाजेवर उताणे पडून होते. त्यांनी एकदा नाक ओढलं आणि वाकळ छातीवर घेतली.

चंद्री रात्रभर कण्हत होती.

तांबडं फुटलं तसा मी पुन्हा नेसलो. या खेपेला चालून-बिलून बघितलं नाही. कास तटतटून चकाकत होती, हात लावला की चंद्रीचं कातडं थरथरायचं. मी नुसता बसून राहिलो. नाटक संपलं होतं. माझ्या कपाळाला तिचं पोट लागत होतं आणि मला फक्त एवढंच वाटत होतं की या मुक्या जिवाचं आता कसं व्हायचं. धुकं होतं. अर्ध्या भिंतीपलीकडे बाज करकरली. काका आता कुठं गोळीच्या गुंगीत गेले होते. झोपेतच, अगदी घरगुती, आळसावलेल्या आवाजात त्यांनी विचारलं:

"आलं का वं?"

आणि मी म्हणालो, "येऊन राह्यली नदी. नाव धरून ठेवा."

हे मी का म्हणालो, मला विचारू नका. मी नदीचा विचार करत नव्हतो. बाजारहत्नूरला नावेत बसायची नदी नाही. आवाज माझाच होता, पण मी तो बाहेर काढला नव्हता. आणि माझ्या मुठीतली ती बंद मूठ उघडली. सड मऊ झाले, भरून आले. पहिली धार चरवीच्या तळावर वाजली, इतकी खणखणीत की मीच दचकलो. मग दुसरी. मग आवाज जाड होत गेला, फेस वर चढला, माझ्या मनगटावर कोमट शिंतोडे उडाले. बोटं भरून आली तरी मला थांबवेना.

भिंतीपलीकडे काका उठून बसले होते.

"सार हायत का?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"हो काका. मीच आहे."

"हे तुमाले कोनं सांगतलं?"

"कुणीच नाही."

लेक दारात येऊन उभी राहिली होती. काका तिच्याकडे न बघता म्हणाले, "लुगडं तू धुतलं. मले कालच साबनीचा वास आला. म्या रातभर जागाच व्हतो, म्हनलं संपलं आता सारं." मग पुन्हा मला, "खरं सांगा सार. कमलाबाईनं सांगतलं?"

कमलाबाईंना मी नंतर विचारलं. त्यांनी ते वाक्य जन्मात ऐकलं नव्हतं. लेकीनंही नाही. कारण ते बाज आणि गोठा यांच्या मधल्या हातभर अंतरातलं बोलणं होतं. काकांनी मग सांगितलं: काकूंचं माहेर बेज्जूरकडचं, प्राणहिता नदीच्या काठावर. लग्नानंतर पहिल्याच पहाटे नवऱ्यानं बाजेवरून विचारलं, "आलं का वं दूध?" तेव्हा त्या नव्या पोरीनं, माहेरी काठावर उभं राहून नावेसाठी ओरडायची सवय होती म्हणून असेल, हे उत्तर दिलं होतं. तो हसला. दुसऱ्या दिवशी त्यानं मुद्दाम पुन्हा विचारलं. मग रोजच.

"म्या लुगडं नेसलं, तिचा आवाज काढला, सारं केलं," काका म्हणाले. "पन हे राहून गेलं. इचारनारा बाजीवर लागते ना. एका मानसानं बाजीवर बी पडावं अन् गाईखाली बी बसावं, कसं जमन?"

तेव्हाच चंद्रीनं दाव्याला ताण दिला. भिंतीवरून मान लांबवून तिनं काकांना हुंगलं. पट्टी, चष्मा, मिशा, सगळं. खूप वेळ. मग तिनं त्यांचं कपाळ चाटायला घेतलं. लेक ओरडली, "बाबा, डोळा! डोळा!" काका चष्मा हातानं झाकून हसत होते, आणि पट्टीखालून पाणी वाहत होतं, जे डॉक्टरांनी अजिबात होऊ देऊ नका म्हणून सांगितलं होतं.

"पाह्यलं का सार? चंद्रीच्या हिशोबानं जित्ता झालो मी!"

त्यांनी पुन्हा लुगडं नेसलं नाही. ते घडी करून लेकीला देऊन टाकलं. माझी बदली होईपर्यंत मी पॅन्ट-शर्टात दूध काढलं. दुसऱ्या सकाळी ते वाक्य मी म्हणायला गेलो, तर काकांनी मला थांबवलं. "तुमी नोका बोलू, सार. म्या इचारतो. तितकं पुरे." ते विचारत, मग जरा थांबत, आणि दूध येई. त्या थांबण्यात मी कधी मान वर केली नाही. कमलाबाईंच्या लोणच्याचं मात्र कायमचं नुकसान झालं, कारण काका आता सरळ सांगत, "मले इचारू नोका, मले कुठी येते?"

दिवाळीनंतर मी निर्मलला गेलो. संक्रांतीला तिळगूळ घेऊन मुद्दाम मुक्कामाला आलो आणि पहाटे उठून चहा घेऊन वसरीत बसलो. दूध कमलाबाई काढत होत्या. काका बाजेवर, वाकळ छातीपर्यंत, दोन्ही डोळे ठणठणीत.

"आलं का वं?" त्यांनी विचारलं.

कमलाबाईंचे ओठ घट्ट मिटलेले मला दिसत होते. काका एवढंच थांबले, जेवढा वेळ एका छोट्या वाक्याला लागतो. मग ते खुदकन हसले आणि कुशीवर वळले. चरवीत धार वाजली.

काम झाल्यावर कमलाबाई चरवी घेऊन माझ्याजवळ आल्या. काकांकडे एक नजर टाकून त्यांनी आवाज खाली आणला. "सार, तुमी तं इतके दिवस बसले तिथी. मी कायी बोलत नाई, देवाची आन. मंग ते हासतेत कोनाले? तुमाले आता कायी आयकू आलं का?"

मी चहाचा मोठा घोट तोंडात घेतला. चहा तोंडात असताना बोलू नये, असं त्या घरातल्या एका बाईनं मला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.